चारपर्यंत थोडे

११ फेब्रुवारी

आजाराला अखेर नाव मिळाले. नाव कसले — 'कारण न सापडलेला बालसंधिवात'. म्हणजे व्याख्येतच अज्ञान! 'हे काय आहे' या प्रश्नाला माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने 'ते का आहे हे ठाऊक नाही' असे उत्तर दिले असते, तर मी त्याला खाली बसायला सांगितले असते. डॉक्टरीणबाई मात्र हे वाक्य निर्विकारपणे उच्चारतात आणि पुढचा कागद ओढतात.

अटी तीन. सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेला असावा, सहा आठवड्यांहून अधिक टिकलेला असावा, आणि दुसरे कोणतेही कारण हाती लागू नये. नात तिन्ही पूर्ण करते. आठ वर्षांची आहे. तान्ही असताना डोळे वटारून टकामका पाहत राही, म्हणून घरात तिला पिंगळी म्हणतात. दोन्ही गुडघे सुजलेले, डावा घोटा सुजलेला. सकाळी पलंगावरून उतरते ती एखाद्या म्हातारीसारखी. मी तिच्याहून लवकर उतरते.

तपासणीच्या खोलीत जावई मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता. मुलगी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे पाहत होती. प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे आले. या घरात ते नेहमीच माझ्याकडे येते.

प्रकार कोणता, असे मी विचारले. "आत्ताच नाही सांगता येणार, आजी. पहिल्या सहा महिन्यांत किती सांधे धरतात ते बघायचं." मला आजी म्हणण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला आहे आणि ती तपासणीच्या पलंगावर बसली आहे, एवढे मी त्यांना सांगितले. त्यानंतर त्या मला मॅडम म्हणू लागल्या. 

१४ फेब्रुवारी

वर्गीकरण मागवून घेतले. वाचले. दोनदा वाचले.

प्रकार सात. थोड्या सांध्यांचा, अनेक सांध्यांचा, त्यातही रक्तात आरए फॅक्टर नावाचा घटक सापडणारा वेगळा आणि न सापडणारा वेगळा, ताप आणि पुरळ घेऊन सगळ्या शरीराला ग्रासणारा, सोरायसिससोबत येणारा, स्नायूचे टोक हाडाला चिकटते तिथे सुजणारा. आणि सातवा? यांपैकी कशातच न बसणारा — किंवा एकाहून अधिक ठिकाणी बसणारा! म्हणजे ज्यांना घर नाही ते आणि ज्यांना दोन घरे आहेत ते, दोघेही एकाच धर्मशाळेत.

तर्कशास्त्रात विभाजनाचा पहिला नियम असा की, एका वेळी विभाजक तत्त्व एकच असावे. इथे एका ठिकाणी सांधे मोजले आहेत, दुसऱ्या ठिकाणी रक्त पाहिले आहे, तिसऱ्या ठिकाणी कातडी. एवढेच नव्हे, तर मुलाच्या आई-वडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाला सोरायसिस असेल, तर थोड्या सांध्यांचे मूल त्या घरातून हाकलले जाते. बापाच्या कोपरावरचा खवला मुलीच्या गुडघ्याचा प्रकार ठरवतो! याला आम्ही संकर-विभाजन म्हणत असू आणि त्याचे गुण कापत असू.

जावयाला विचारले, तुमच्या अंगावर तसले काही आहे का? त्याने बाह्या वर करून दाखवल्या. "आई, हवं तर सदराही काढतो." मी नको म्हटले. मुलगी हसली. फार दिवसांनी हसली, तेही माझ्यावर.

२ मार्च

पिंगळी विचारत आली: "आजी, मी कोणत्या प्रकारची?"

लहान मुलांना खोटे सांगून शांत करणे मला कधीच जमले नाही. ते त्यांच्या बुद्धीला कमी लेखणे आहे. शिवणाच्या डब्यातली बटणे टेबलावर ओतली आणि वर्ग पाडून दाखवले. तुझे सध्या तीन सांधे आहेत. सहा महिने पुरे होईपर्यंत चार किंवा त्याहून कमी राहिले, तर थोड्यांत. पाच झाले की अनेकांत.

"थोड्यांतलं चांगलं असतं?"

थोड्यांतली पुष्कळ मुले पुढे बरी होतात, औषधही सौम्य लागते, असे मी सांगितले. हे सत्य आहे. अनेकांना बहुधा दर आठवड्याचे इंजेक्शन लागते, त्याने मळमळते, हेही सांगितले. तेही सत्य आहे.

तिने चार बटणे एका बाजूला घेतली. पाचवे बोटाने पुढे-मागे करत राहिली. "चार आणि पाचच्या मध्ये काय असतं?"

काही नसते, म्हटले. रेघ असते. आणि ती कुणीतरी सोयीसाठी ओढलेली असते.

हुशार आहे. तिच्या आईला हा प्रश्न कधी सुचला नसता.

८ मार्च

'दुखतं' हे विधान अपुरे आहे, हे पिंगळीला समजावले. कुठे? कधीपासून? सकाळी अधिक की खेळून आल्यावर? दाबल्यावर की हलवल्यावर? काल याच ठिकाणी होते का? नसेल, तर आज का? डॉक्टरांपुढे अर्धवट माहिती गेली की निष्कर्षही अर्धवटच निघतो. तिने दोन वेळा नीट उत्तरे दिली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "जाऊ दे, नाही दुखत."

१९ मार्च

मुलीशी कटकट. ती म्हणते मी पोरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. मी म्हटले, पिंजऱ्यात साक्षीदारही उभा राहतो. "बघ! हेच! मी एक बोलले की तू त्याच्यात फट शोधतेस." फट असते म्हणून सापडते. हे मी मोठ्याने बोलले नाही. पण ती माझ्याच पोटची, तिला ऐकू आले. भांडी आपटली.

लहानपणीही ही अशीच. वादात दोन पावले टाकली की धाप लागायची, मग रडू, मग दार.

२७ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. या आजारात डोळा आतून सुजतो, आणि लाल होत नाही, दुखत नाही, मुलाला कळतही नाही. दर तीन महिन्यांनी यंत्राखाली पाहावे लागते. "दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असं यात धरायचंच नसतं," ते म्हणाले. नेमके बोलणारा माणूस. डोळे स्वच्छ निघाले.

६ एप्रिल

उजवे मनगट. चौथे.

जावई कामावरून लवकर आला. बूट न काढताच विचारतो, "चारच ना? म्हणजे अजून थोड्यातच." सामन्याचा धावफलक विचारावा तसे. त्याला मी तुच्छ लेखू शकत नाही, कारण माझ्याही मनात आधी तोच आकडा आला होता आणि पोरीचे मनगट नंतर.

दोन्ही गुडघ्यांत भूल देऊन इंजेक्शने दिली. मनगटाला पट्टी. पिंगळी निमूटपणे सगळे करून घेते. परिचारिका म्हणाल्या, इतकं शहाणं मूल आम्ही पाहिलं नाही. मुलगी म्हणाली, "शहाणं नाही हो, दमलेलं आहे."

२२ एप्रिल

एकही तक्रार नाही.

११ मे

आजही नाही. गुडघे पुष्कळ उतरले आहेत. एक पाय जरा ओढते. गुडघ्याची सवय राहिली असेल.

५ जून

व्यायाम घ्यायला बाई येतात. हाडापेराने भक्कम, बोलण्यात ऐसपैस. आज त्यांनी पिंगळीला आ करायला लावले. म्हणाल्या, हनुवटी उघडताना उजवीकडे जातेय, आणि तोंडही पुरतं उघडत नाहीये, तिची तीन बोटं मावायला हवीत, दोनच मावताहेत.

पिंगळीला विचारले: जबडा दुखतो?

"नाही."

चावताना?

"नाही, आजी."

सकाळी उठल्यावर?

"नाही म्हटलं ना."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना काही बोलायचे असावे. मी त्यांना पाणी दिले.

२४ जून

दुखणे सुरू होऊन सहा महिने पुरे. आज निकाल.

डॉक्टरीणबाईंनी डोक्यापासून बोटांपर्यंत सगळे सांधे हलवून पाहिले, तासभर. चार ठिकाणी त्यांनी मान हलवली. मग जबड्याशी आल्या आणि थांबल्या. व्यायामाच्या बाईंनी त्यांना आधीच फोन केला होता! मला न सांगता.

म्हणाल्या, मला जबड्याची शंका आहे. भूल देऊन एमआरआय करू. त्यात आला, तर हा पाचवा. मग प्रकार अनेक सांध्यांचा, आणि आठवड्याचं इंजेक्शन आजपासून विचारात घ्यायचं.

जावयाचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे पाहिले. मुलगी खिडकीपाशी उभी होती.

मी विचारले, सूज आहे का? त्या म्हणाल्या, जबड्याची सूज बाहेरून दिसत नाही. म्हणजे तुम्हाला दिसलेली नाही. बरे. तुमच्याच व्याख्येप्रमाणे सूज नसेल, तर हालचाल कमी असली पाहिजे आणि सोबत वेदना किंवा दाबल्यावर दुखणे असले पाहिजे. "'आणि' हा शब्द तुमचा आहे, माझा नाही. हालचाल कमी आहे, मला मान्य. वेदना कुठे आहे?"

त्यांनी पिंगळीच्या कानापुढे दोन्ही बाजूंना बोटे ठेवली आणि दाबली. "दुखतंय का बाळा? खरं सांग."

पिंगळीने पापणीही लवू दिली नाही. "नाही."

"थोडंसं? चावताना?"

"नाही."

मग मी म्हटले, दोन अटींपैकी एक पूर्ण होत नाही. म्हणून हा सांधा मोजता येत नाही. म्हणून संख्या चार. म्हणून थोड्या सांध्यांचा. आठ वर्षांच्या मुलीला निव्वळ शंकेसाठी पुन्हा भूल द्यायची, तर त्यासाठी शंकेहून काही अधिक दाखवावे लागेल. जावई लगेच म्हणाला, "बरोबर आहे आईंचं. तीन महिने बघू या ना."

डॉक्टरीणबाईंनी समोरचा कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.   शेवटी म्हणाल्या, मला करून घ्यायला आवडलं असतं. 'आवडलं असतं' हे कारण नव्हे. त्यांनी लिहिले: थोड्या सांध्यांचा.

मुलीने एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडले होते. मग मिटले.

२५ जून

जावयाने चहा करून आणला, स्वतः! "आई, काल तुम्ही डॉक्टरांची पार दांडी उडवलीत." मी म्हटले, यात दांडी उडवण्यासारखे काही नव्हते, त्यांनी स्वतःचीच व्याख्या नीट वाचली नव्हती. पण चहा चांगला लागला.

पिंगळीला सांगितले, तू थोड्यांत आहेस. "कायमची?"

कायमची, म्हटले. सहा महिन्यांनंतर पाचवा सुजला, तरी त्याला 'विस्तारलेला थोड्या सांध्यांचा' म्हणतात. थोडे कितीही विस्तारले तरी थोडेच! हे इतके हास्यास्पद आहे की मला वाटले ती हसेल. ती म्हणाली, "मग आता पाचवा चालतो?"

मी म्हटले, चालण्या-न चालण्याचा प्रश्न नाही.

३० ऑगस्ट

दातांचे डॉक्टर म्हणाले, चेहरा एका बाजूने कमी वाढतोय, सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवलंत का? मुलगी माझ्याकडे न पाहता हो म्हणाली.

१६ सप्टेंबर

एमआरआय झाला. या वेळी मला कुणी विचारले नाही आणि मीही बोलले नाही.

दोन्ही जबडे. नवे नाही, झिजल्याच्या खुणा आहेत. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवले. हनुवटीचं हाड जिथून वाढतं ती जागा नेमकी हीच, म्हणून लहान मुलात या सांध्याबाबत वाट पाहायची नसते. वेळीच आवरलं तर पुष्कळ सुधारेल. पुष्कळ, पण सगळं सांगता येत नाही. आठवड्याचे इंजेक्शन आजच सुरू.

मी एकच प्रश्न विचारला: प्रकार?

"नाही बदलत, मॅडम. सहा महिन्यांच्या आत हा सांधा नोंदला गेला नव्हता. तुमचं म्हणणं नियमाप्रमाणे टिकलं."

यात टोमणा नव्हता. असता तर मी उत्तर दिले असते.

१७ सप्टेंबर

मुलगी रात्रीची भांडी घासत होती. मी मागे जाऊन म्हटले, त्या दिवशी पिंगळीने 'नाही दुखत' असे स्पष्ट सांगितले होते. तूही ऐकलेस. खोट्या आधारविधानावर निष्कर्ष खोटा निघाला, तर दोष युक्तिवादाचा नसतो.

ती मागे वळली नाही. म्हणाली, "मला ठाऊक होतं."

काय ठाऊक होते?

"जबडा. मे महिन्यापासून ती एका बाजूनं चावायची. घास गालात धरून ठेवायची, विरघळेपर्यंत. मला म्हणाली होती, आई, इथं दुखतं, पण आजीला सांगू नको, मग मी पाचाची होईन."

मी विचारले, मग तू त्या खोलीत बोलली का नाहीस?

तिने नळ बंद केला. हात पुसले. आवाज चढवला नाही, तेवढेच मला बोचले. तिचा चढलेला आवाज मला हाताळता येतो.

"तू बोलत होतीस, आई. आणि इतकं बरोबर बोलत होतीस, की मला वाटलं माझंच चुकतंय. तुझ्यासमोर मला नेहमी तसंच वाटतं. चाळीस वर्षांची झाले मी."

मी उत्तर शोधले. होतेही. आईचे कर्तव्य, प्रत्यक्ष माहिती असलेल्याची जबाबदारी, मौनाचा अर्थ — तीन मुद्दे, क्रमाने. ती उत्तराची वाट न पाहता झोपायला निघून गेली.

२० सप्टेंबर

वैध असणे आणि सत्य असणे यांतला फरक मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवत असे. 'सर्व मासे उडतात, देवमासा हा मासा आहे, म्हणून देवमासा उडतो.' वर्ग हसे. आधारविधाने तपासणे हे तर्कशास्त्राचे काम नव्हे, ते ज्याच्या त्याच्या शास्त्राचे काम, असे मी फळ्याकडे वळत सांगत असे. शंकेला जागा राहू नये म्हणून लिहून ठेवते: डोळ्यांच्या डॉक्टरांचे म्हणणे मी मार्चमध्ये मान्य केले — दुखत नाही म्हणजे ठीक, असे धरायचे नसते — आणि जूनमध्ये जबड्याबाबत नेमके तेच धरले. हा व्याघात मला दिसला नाही! दुसऱ्या कुणी केला असता, तर वाक्य संपण्याआधी दिसला असता.

आणि तो जावई! गेले चार दिवस माझ्यासमोर खुर्चीत बसत नाही. जूनमध्ये चहा करत होता.

२३ सप्टेंबर

दुसरे इंजेक्शन. पिंगळीला संध्याकाळपासून मळमळ. मी पातेले धरले. तिने ते माझ्या हातातून घेतले आणि स्वतः धरले.

३ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या सांध्यांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून ठेवली आहे. मी या वेळी शब्द काढणार नाही, असे मुलीला सांगितले. ती म्हणाली, "तू नुसती बसलीस तरी पुरतं, आई."

हे वाक्य कोणत्या अर्थाने घ्यायचे, ते मी विचारले नाही. एकच अर्थ होता.

९ ऑक्टोबर

आजी आत नको, असे पिंगळीने सांगितले. मला नाही; तिच्या आईला. मी बाहेरच्या बाकावर बसले. दार आतून लावून घेतले. बराच वेळ पिंगळीचा आवाज येत होता, एकटीचा, सलग. मधे कुणी काही विचारत नव्हते. मग मुलगी बाहेर आली. रडून झालेले होते. जबडे सोडून मान आणि कंबरेचे दोन्ही सांधे, ती म्हणाली. जिथली सूज वरून दिसत नाही, असे.

"एकूण नऊ, आई. मार्चपासून लपवत होती."